शर्यत थांबली, वाट चालू राहिली : पॅरिसपासून पालीपर्यंत

१/२६
१९५१ साली पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत आणि तेथून पुन्हा पॅरिसला, अशी सुमारे १२०० किलोमीटरची व्यावसायिक सायकल शर्यत शेवटची पार पडली. विजेत्याने ती ३८ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. त्यानंतर ही शर्यत पुन्हा कधी झाली नाही. परंतु त्याच अंतराची, कोणालाही पहिला क्रमांक न देणारी एक सफर आजही दर चार वर्षांनी निघते. तिच्याच नियमांवर चालणाऱ्या लहान सफरी दर हिवाळ्यात महाराष्ट्रातही होतात. घाट उतरून पालीकडे जाणारी वाट अशा सायकलस्वारांच्या चांगल्या परिचयाची आहे. शर्यत संपली, मग ही सफर का टिकली? त्याचा हा इतिहास.

२/२६
या सफरीला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. फ्रेंच भाषेत ब्रेव्हे म्हणजे प्रमाणपत्र. अंतरे ठरलेली असतात आणि प्रत्येक अंतराला मुदतही ठरलेली असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास, ६०० ला ४० तास, १००० ला ७५ तास आणि १२०० ला ९० तास. एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० या चारही सफरी पूर्ण करणाऱ्यास ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. घड्याळ मात्र कधीही थांबत नाही. जेवण, झोप, पंक्चर, वाट चुकणे, सगळे काही त्याच मुदतीत बसवावे लागते.

३/२६
नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. वाटेत मागून येणारी मदतीची गाडी चालत नाही. ट्यूब, पंप, अवजारे स्वतःच वाहून न्यायची. रात्री पुढे-मागे दिवे आणि अंगावर चमकणारे जाकीट हवेच. वाटेवर ठरावीक ठिकाणी नियंत्रण केंद्रे असतात. तेथे कार्डावर शिक्का आणि वेळ नोंदवून घ्यावी लागते. जेथे माणूस नेमलेला नसतो तेथे दुकानाची पावती किंवा एटीएमची चिठ्ठी साक्ष म्हणून चालते. कोणी आडवाटेने अंतर चोरू नये म्हणून अधूनमधून एखादे गुप्त केंद्रही ठेवतात.

४/२६
या परंपरेचे मूळ मात्र शर्यतीतच आहे. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रूआँ अशी सुमारे १२३ किलोमीटरची शर्यत झाली. एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंतची ही पहिली मोठी सायकल शर्यत मानली जाते. जेम्स मूर याने ती सुमारे १० तास ४० मिनिटांत जिंकली. तेव्हा सायकलीला साखळी नव्हती, पायटे थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत आणि रबरात हवा भरण्याची कल्पनाही रुजलेली नव्हती. हे यंत्र खेळणे आहे की वाहन, हा त्या काळचा खरा प्रश्न होता.

५/२६
त्या प्रश्नाचे ठोस उत्तर १८९१ मध्ये मिळाले. ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राचा संपादक प्येर जिफार याने पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही शर्यत योजली. दैनंदिन प्रवासासाठी सायकल किती भरवशाची आहे, याची ती कसोटी होती. म्हणून स्वाराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सायकल वापरावी, असे बंधन घातले गेले. दोनशेहून अधिक स्वार निघाले आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास परतले. या शर्यतीत केवळ माणसांची चढाओढ नव्हती. हवा भरलेल्या नव्या टायरच्या उत्पादकांचीही कसोटी याच वाटेवर लागत होती.

६/२६
ही शर्यत शार्ल तेराँ याने ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी जील-लाव्हाल पुढे होता. तो वाटेत झोपला आणि तेराँ रात्रीच्या अंधारात त्याला ओलांडून पुढे गेला. तेराँ तिन्ही रात्री न झोपता चालवत राहिला, असे वर्णन आढळते. पहाटे पॅरिसमध्ये हजारो लोक त्याच्या स्वागतासाठी जमले. दीर्घ अंतराच्या सायकलिंगमधील ‘झोप’ हा प्रश्न येथपासूनच इतिहासात शिरला. शर्यतीत झोप म्हणजे गमावलेली जागा. ब्रेव्हेमध्ये तीच झोप स्वाराला स्वतःच्या हिशेबाने घेता येते. दोन परंपरांमधला हा फरक पुढे निर्णायक ठरला.

७/२६
१८९१ च्या या शर्यतीत परदेशी स्वारांना प्रवेश नव्हता. स्त्रियांनी नावे दिली होती, पण त्यांनाही नकार मिळाला. विजेत्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत झळकले. त्याच्यामागून कित्येक दिवसांनी थकून-भागून परतलेल्या सामान्य स्वारांची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. त्यांनीही तेवढेच अंतर कापले होते, तेच चढ चढले होते. मग रस्त्यावरचा मान कोणाचा? पहिल्याचा, की पोहोचलेल्या प्रत्येकाचा? पुढची साठ वर्षे दीर्घ सायकलिंगचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत राहिला.

८/२६
पहिले वेगळे उत्तर इटलीतून आले. जून १८९७ मध्ये बारा इटालियन स्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर सुमारे २३० किलोमीटर आणि अट एकच. सूर्योदयाला निघून सूर्यास्तापूर्वी पोहोचायचे. एकमेकांना हरवणे हा उद्देश नव्हता. सूर्य मावळण्याआधी अंतर संपवणे, एवढीच पैज होती. या धाडसामुळे त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणजे साहसी, असे लॅटिन नाव मिळाले. प्रतिस्पर्धी म्हणून माणसाऐवजी सूर्य उभा राहिला आणि सायकलिंगच्या इतिहासाला एक नवी दिशा मिळाली.

९/२६
फ्रान्समध्ये ही कल्पना आणली आंरी देग्रांज याने. १९०३ मध्ये ‘तूर द फ्रांस’ सुरू करणारा तो हाच. १९०४ मध्ये त्याने २०० किलोमीटरची ऑडॅक्स सफर घातली आणि त्याच वर्षी ‘ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँ’ स्थापन झाला. या पद्धतीत सर्व स्वार एका नायकाच्या मागे, ठरावीक गतीने, गटाने चालत. कोणी पुढे जायचे नाही आणि कोणी मागे राहायचे नाही. एकाच माणसाच्या हातून जगातली सर्वांत गाजलेली शर्यत आणि शर्यत नसलेली सफर, दोन्ही वाढल्या, हा इतिहासातला विलक्षण योगायोग आहे.

१०/२६
पुढे देग्रांज आणि हा क्लब यांच्यात मतभेद झाले. ऑडॅक्स प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार क्लबकडून गेला. तेव्हा १९२१ मध्ये क्लबने स्वतःची नवी पद्धत आखली. गट नाही, नायक नाही. प्रत्येकाने आपापल्या गतीने चालवायचे, फक्त प्रत्येक केंद्र ठरलेल्या वेळेच्या आत गाठायचे. फ्रेंचमध्ये या पद्धतीला मुक्त गती म्हणतात. आज जगभर आणि भारतात होणाऱ्या ब्रेव्हे याच पद्धतीच्या आहेत. एका भांडणातून जन्मलेला नियम शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

११/२६
मुक्त गतीलाही मर्यादा आहेत. आणि त्या दोन्ही बाजूंनी आहेत. प्रत्येक केंद्र बंद होण्याची वेळ जशी ठरलेली असते, तशी उघडण्याचीही. शंभराव्या किलोमीटरवरचे केंद्र निघाल्यापासून २ तास ५६ मिनिटांनी उघडते आणि ६ तास ४० मिनिटांनी बंद होते. त्याहून लवकर पोहोचणाऱ्याला थांबावे लागते. म्हणजे अतिवेगाला येथे बक्षीस नाही. निकालपत्रातही क्रमांक नसतात. सहा तासांत आलेला आणि साडेतेरा तासांच्या काठावर आलेला, दोघांची नोंद एकाच यादीत आणि एकाच मानाने होते.

१२/२६
१९३१ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसच्या वाटेवर व्यावसायिक शर्यतीबरोबरच सामान्य स्वारांच्या सफरीही निघाल्या आणि त्यांत स्त्रियांनीही अंतर पूर्ण केले. १८९१ मधला नकार चाळीस वर्षांनी पुसला गेला. त्यानंतर वीस वर्षांत चित्र उलटले. व्यावसायिक स्वारांना एवढ्या लांब अंतराची तयारी परवडेना. वर्षाच्या इतर शर्यतींना त्यामुळे धक्का बसे. १९५१ नंतर ती शर्यत भरवण्याइतके स्वारच जमले नाहीत. बक्षिसांवर उभी असलेली शर्यत बक्षीस पुरेनासे होताच थांबली. बक्षीस नसलेल्या सफरीला थांबण्याचे कारणच नव्हते.

१३/२६
१९७०च्या दशकानंतर ही पद्धत फ्रान्सबाहेर पसरली. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये ऑडॅक्स संघटना उभी राहिली. १९८३ मध्ये विविध देशांच्या संघटनांना जोडणारी ‘ले रँडोनर मोंदियो’ ही संस्था स्थापन झाली. आज जगात कोठेही अधिकृत ब्रेव्हे पूर्ण केली, की तिची नोंद पॅरिसच्या त्याच १९०४ मधल्या क्लबकडे जाते आणि प्रत्येक यशस्वी सफरीला एक अनुक्रमांक मिळतो. पालीच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर मिळालेली पावतीसुद्धा अशा रीतीने पॅरिसच्या दप्तरापर्यंत पोहोचू शकते.

१४/२६
भारतात मात्र लांब पल्ल्याची सायकल याहून जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. मुंबईच्या एका वजन-उचल व्यायामशाळेचे ते सदस्य होते. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी त्यांपैकी तिघे परतले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांच्यापुढे शर्यत नव्हती आणि मुदतही नव्हती. फक्त परत येण्याची जिद्द होती.

१५/२६
मुंबई आणि पुण्याच्या मधली सायकल-परंपरा मात्र शर्यतीची होती. मुंबई–पुणे सायकल शर्यत पिढ्यानपिढ्या गाजली. बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आणि पुण्यात हे बिरूद अभिमानाने मिरवले जाई. गाडीरस्ता म्हणून हा घाट मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८३० मध्ये खुला झाला. त्यावरून १८६३ मध्ये रेल्वे चढली. त्याच घाटाने सायकलवीरही घडवले. या वातावरणात शर्यत नसलेली सायकल स्पर्धा म्हणजे काय, हे समजावून सांगणे सोपे नव्हते.

१६/२६
ते काम २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यातून झाले. पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स’ ही संस्था उभी राहिली आणि पॅरिसच्या क्लबशी जोडलेल्या ब्रेव्हे भारतातल्या अनेक शहरांत सुरू झाल्या. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथे डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, पोलीस, गृहिणी, विद्यार्थी अशी मंडळी पहाटे एका रांगेत उभी राहू लागली. ‘घाटाचा राजा’ होण्याची कुवत नसलेल्यांसाठी प्रथमच घाटात मानाची जागा निर्माण झाली.

१७/२६
या सफरींचा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपतो. युरोपात नोव्हेंबर म्हणजे सायकल खुंटीला टांगण्याचा काळ. कोकणात मात्र तोच मोसम सुरू होण्याचा काळ आहे. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा, मार्चनंतर घामाने अंग निथळणारी दमट उष्णता. लांब अंतरासाठी खरे अनुकूल दिवस नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढेच. म्हणून महाराष्ट्रातला रँडोनर आपल्या चारही सफरींचा हिशेब प्रामुख्याने हिवाळ्यात मांडतो. पॅरिसचे पंचांग आणि कोकणचे हवामान येथे आपसूक जुळून आले आहे.

१८/२६
आता पाली. सुधागड तालुक्याचे हे मुख्य ठिकाण, सरसगडाच्या पायथ्याशी आणि अंबा नदीच्या खोऱ्यात वसलेले. बोरघाट उतरून खोपोलीला आले, की दक्षिणेकडे साधारण चाळीस किलोमीटरवर पाली लागते. पुढे दहा-एक किलोमीटरवर वाकण फाटा आणि तेथे मुंबई–गोवा महामार्ग. पुण्याहून असो वा मुंबईहून, पालीपर्यंतचे अंतर शंभरच्या थोडे पुढे भरते. म्हणजे जाऊन-येऊन २०० ची सफर घालायची झाली, तर पाली बरोबर मध्यावर येते. शिक्का घेऊन मागे फिरण्याची ही जणू नैसर्गिक जागा.

१९/२६
ही जागा आजची नाही. घाटमाथ्यावरून सवाष्णीचा घाट आणि वाघजाईचा घाट याच खोऱ्यात उतरतात. वाघजाईच्या पायथ्याशी ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लेणी सहसा व्यापारी वाटेच्या आधाराने वाढत. घाटावरचा माल खाली उतरे, पालीवरून पुढे नागोठण्याच्या खाडीवर जाई आणि तेथून गलबतात चढे. सुधागड आणि सरसगड या वाटेवर नजर ठेवून उभे आहेत. थकलेल्या वाटसरूने थांबावे, मोजले जावे आणि पुढे सुटावे, हा या खोऱ्याचा फार जुना शिरस्ता आहे.

२०/२६
याच खोऱ्यात एक इतिहासप्रसिद्ध लांबची घोडदौड येऊन थांबली होती. १६८१ च्या आरंभी औरंगजेबाचा मुलगा अकबर याने राजस्थानात बंड केले. ते फसले. दुर्गादास राठोडाच्या सोबतीने मोगली पाठलाग चुकवत, नर्मदा ओलांडून तो कोकणात उतरला आणि पालीजवळ राहिला. पावसाळा तेथेच काढल्यावर नोव्हेंबर १६८१ मध्ये, पालीनजीकच्या पातशहापूर येथे, छत्रपती संभाजी महाराजांशी त्याची भेट झाली. १६८७ मध्ये तो राजापूरहून जहाजाने इराणकडे गेला. पाऊस सरेपर्यंत थांबायचे आणि हिवाळा लागताच हालचाल करायची, हे कोकणातल्या राजकारणालाही चुकले नव्हते.

२१/२६
पुढे हा मुलूख भोर संस्थानात होता. संस्थानाची राजधानी भोर घाटावर आणि सुधागड तालुका घाटाखाली. मधे सह्याद्रीची भिंत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर हा तालुका तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आला. तोपर्यंत पालीच्या माणसाला सरकार-दरबारासाठी घाट चढावा लागे. लांब अंतर हे येथील माणसासाठी साहस नव्हते, रोजच्या व्यवहाराचा भाग होते. आज छंद म्हणून घाट चढणाऱ्या सायकलस्वाराच्या वाटेखाली त्या पायपिटीचे थर आहेत.

२२/२६
पालीचे नाव सर्वदूर पोहोचवले ते बल्लाळेश्वराने. अष्टविनायकांच्या परंपरागत क्रमात पालीचे स्थान तिसरे. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि पुन्हा मोरगाव, अशी ही यात्रा. ठिकाणे ठरलेली, क्रम ठरलेला, सांगता आरंभाच्या जागी आणि पोहोचणाऱ्यांत पहिला-दुसरा कोणी नाही. रस्त्याने हे अंतर साधारण ६५० किलोमीटर भरते, म्हणजे ६०० च्या ब्रेव्हेच्या जवळपास. यात्रेत घड्याळ नसते, हा मोठा फरक. तरीही क्रमांकाविना अंतर पार करण्याचे मोल मराठी मनाला फ्रान्सकडून शिकावे लागले नाही.

२३/२६
हिवाळ्याने दिलेली सोय फुकट मिळत नाही. जानेवारीच्या आरंभी या भागात सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आत-बाहेर मावळतो. दिवस जेमतेम अकरा तासांचा. पहाटे सहाला निघालेल्या २०० च्या स्वाराची मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. म्हणजे सकाळचा तासाहून अधिक आणि संध्याकाळचा तासाहून अधिक वेळ अंधारात जातो. शंभराव्या किलोमीटरवरचे केंद्र १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होते. रोम ते नेपल्स जाणाऱ्या त्या बारा जणांचा जुना प्रतिस्पर्धी सूर्य येथे हिवाळ्यात आणखी कडक होतो.

२४/२६
कोकणची थंडी उत्तरेसारखी बोचरी नाही, पण फसवी आहे. चढावर अंग घामाने भिजते. घाटमाथ्यावर क्षणभर थांबून उतार सुरू केला, की तोच ओला घाम वाऱ्यात गार पडतो. बोटे आखडली, की ब्रेक दाबणे कठीण होते. म्हणून जाणते स्वार उतारापूर्वी वारा अडवणारे जाकीट चढवतात आणि खाली येताच काढतात. पहाटे नदीच्या खोऱ्यात धुके उतरते, रस्ता ओला होतो, चष्मा धुरकटतो. दुपारी त्याच रस्त्यावर ऊन लागते. एका दिवसात दोन ऋतू अंगावर घेऊन मुदत पाळायची, हेच हिवाळी सफरीचे गणित.

२५/२६
यात खरी जोखीमही आहे. वाकणनंतरच्या महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून दीर्घकाळ रखडले. खड्डे, वळणरस्ते आणि अवजड वाहने यांच्यातून रात्री वाट काढणे जिवावर बेतू शकते. ४०० आणि ६०० मध्ये झोपेची भर पडते. तेराँने न झोपता शर्यत जिंकली, म्हणून त्याचा कित्ता गिरवावा असे नाही. ब्रेव्हेमध्ये डुलकी लागलेल्याने थांबावे, यातच शहाणपण आहे. मुदत चुकली तर प्रमाणपत्र जाते, बाकी काही जात नाही. नाशिकमध्ये सेवेत असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांना अमेरिका आर-पार शर्यत २०१६ मध्ये अर्धवट सोडावी लागली. २०१७ मध्ये त्यांनी ती एकट्याने पूर्ण केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. थांबता आले, म्हणूनच पुन्हा निघता आले.

२६/२६
आता आरंभीच्या प्रश्नाकडे. शर्यतीला विजेता लागतो, प्रेक्षक लागतात, बक्षीस लागते. यांपैकी एक जरी आटले तरी ती थांबते. ब्रेव्हेला लागतो फक्त रस्ता, मुदत आणि साक्षीला एक शिक्का. म्हणून ती १९५१ नंतरही चालू राहिली आणि पुढे बल्लाळेश्वराच्या गावापर्यंत आली. सध्या समाजमाध्यमांवर वेगाचे आकडे मिरवण्याची चढाओढ या सफरींतही शिरू पाहते आहे. तिला उत्तर नियमातच आहे. मुदत संपायला मिनिट उरले असताना पोहोचलेल्या स्वाराचे नाव त्याच यादीत, त्याच मानाने लिहिले जाते. १८९१ मध्ये ज्यांची दखल कोणी घेतली नाही, त्या मागून आलेल्यांना मिळालेला हा न्याय आहे.